आशाताई माहेरी येतात, सासरी गेल्यावर कोण येणार?

सेलूची_लेक

नमस्कार. पहिल्यांदाच लिहायलेय, चुकलं तर सांभाळून घ्या. पहिलं बाळंतपण, माहेरी आलेय, सेलू तालुक्यातलं गाव. मुलगी झाली, आज ९ दिवसांची आहे. सरकारी दवाखान्यात नॉर्मल झाली, तिसऱ्या दिवशी दुपारी घरी सोडलं आणि संध्याकाळी आशाताई, म्हणजे गावातल्या सरकारी आरोग्य कार्यकर्त्या, दारात. मी म्हणलं एवढ्या लवकर कसं काय कळलं यांना.

आल्या आल्या साबण मागितला, कोपरापर्यंत हात धुतले, आजीनं धुतलेला टॉवेल पुढं केला तर म्हणल्या नको, असेच वाळू द्या, आणि हात वर धरून बसल्या. झालं, आजीला तेच लागलं. आपल्या घरचा टॉवेल चालत नाही व्हय यांना, दोन दिवस तेच चाललं होतं. मग बाळाला झोळीत घालून काट्यावर वजन केलं, काखेत थर्मामीटर लावलं, घड्याळ बघून एक मिनिट श्वास मोजला, सगळं फॉर्मवर लिहिलं. वजन करू नका दृष्ट लागती, इति आजी. सातव्या दिवशी परत आल्या. दवाखान्यात जन्माचं वजन २ किलो ७०० होतं, तिसऱ्या दिवशी २ किलो ५००, सातव्या दिवशी २ किलो ६००. म्हणजे जन्माएवढं अजून झालंच नाही की.

आणि भांडण घुटीवरून. आजीनं सहाण धुऊन ठेवलीय, जायफळ, हळकुंड, मुरडशेंग, वेखंड सगळं डब्यात तयार. आशाताई म्हणल्या घुटी नाही, मध नाही, काजळ नाही, आणि सहा महिने पाणीसुद्धा नाही. इकडं ४२ डिग्री ऊन, पत्रे तापायलेत, आणि लेकराला पाणी द्यायचं नाही? आजी म्हणती मी सात लेकरं ह्याच हातानं वाढवली, ही कालची पोर मला शिकवायली. मी मध्ये अडकलेय. आईच्या तोंडाकडं बघावं तर ती आजीपुढं गप्प.

आता खरा प्रश्न. गावात पाण्याचे लई हाल आहेत, टँकर येतो, त्यामुळं सव्वा महिना न थांबता २४-२५ दिवसांतच मला न्यायचं ठरलंय. मिस्टर वाळूजला कंपनीत आहेत, रांजणगावात भाड्याची खोली आहे. सासूबाई तिथं येणार मदतीला. इथल्या आशाताईंच्या भेटी राहिल्यात अजून, मग तिकडं कोण येणार? मिस्टर म्हणतात तिकडं कुणी येत नाही, शेजारचा शेजाऱ्याला ओळखत नाही. सासूबाई फोनवर म्हणल्या ह्या सरकारी बायका नुसत्या लिहून नेतात, त्यांना पैसे मिळतात त्याचे. खरं आहे का हे? मी दीडशे रुपये हातात द्यायला गेले तर घेतले नाहीत.

अजून एक, हे घरात कुणाला बोलले नाही. दिवस मावळला की उगीच रडू येतं. काही झालेलं नसतं, सगळे चांगले वागायलेत, तरी.

झोळीवाली_आशा

ताई, मी स्वतः आशा आहे, केज तालुक्यात. तुझी पोस्ट वाचून हसू पण आलं, टॉवेलचं आमच्याकडं पण हेच होतं गं. ट्रेनिंगमध्ये शिकवलंय की हात धुऊन हवेतच वाळवायचे, कारण टॉवेल कितीही धुतलेला असला तरी त्याला घरातल्या सगळ्यांचे हात लागलेले असतात. मी आता आधीच सांगते, आजी हे माझ्या साहेबांचं फर्मान आहे, तुमच्या टॉवेलवर माझा राग नाही. मग हसतात.

पैशाचं सांगते, लपवण्यासारखं काही नाही. दवाखान्यात बाळंतपण झालं की आमच्या ६ भेटी असतात, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी बाळंतपण झालं तर पहिल्या दिवसाची धरून ७. ह्या सगळ्यांचे मिळून २५० रुपये मिळतात, ते पण ४२ दिवस झाल्यावर, कार्डावर वजन लिहिलेलं, लस दिलेली, जन्माची नोंद झालेली असं सगळं असेल तर. एका भेटीचे काढ तूच हिशोबानं. तेवढ्यासाठी कुणी उन्हात फिरत नाही. तुझ्या सासूबाईला हे सांग, पण गोडीत सांग.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की बाळ ज्या गावात असेल तिथल्या आशानं जायचं असतं. कागदावर. खरं काय होतं ते पण सांगते. बाळंतीण माहेरी आली की माझ्या यादीत तिचं नाव नसतं, तिचं नाव सासरच्या आशाकडं, गरोदरपणात नोंद तिकडं झालेली. मग ती गेली की तिकडची म्हणती माहेरी आहे, इकडची म्हणती माझ्याकडं नाही, आणि ज्या पंधरा-वीस दिवसांत लेकराला जास्त धोका असतो तेच दिवस मधल्या मध्ये जातात. तुझं नशीब चांगलं, तुझ्या माहेरची आशा न विचारता आली. तू निघायच्या आधी तिच्याकडून रांजणगावच्या आशाचा नंबर काढायला लाव, आमच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांचे ग्रुप असतात, निघतो नंबर.

आमच्या भागात ह्याच्यापेक्षा अवघड आहे. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला कारखान्याला जातं. पोटुशी बाई पण जाती, उचल घेतलेली असती मुकादमाकडून, काय करणार. बाळंतपण तिकडं कुठंतरी, कोल्हापूर सांगली नाहीतर कर्नाटकात, आणि लेकरू उसाच्या पाचटाच्या कोपीत. आत्ता टोळ्या परत आल्यात तर मी घरोघर फिरायलेय, तीन-चार महिन्यांची लेकरं सापडतात, ना कार्ड ना क्षयरोगाची बीसीजी लस. बीसीजी वर्षाच्या आत देता येती, पाच आजारांची पेंटा लस पण सुरू करता येती, त्यामुळं मी कुणाला रागवत नाही, नुसतं म्हणते मंगळवारी अंगणवाडीत ये. रागावलं की ती बाई पुढच्या वेळी दार लावून घेती.

रडण्याचं मी खाली अजून कुणी लिहिलं नाही तर लिहीन. पण उद्या तुझ्या आशाताईला सांग ते. फॉर्मवर बाळाच्या शेजारी आईचं पण असतं, ताप, अंगावरून जाणं, छातीत गाठी. तिनं विचारायला पाहिजे होतं.

परभणीकर_८८

मला माफ करा पण मला ह्या योजनेचं कौतुक ऐकवत नाही. आमच्या घरी मागच्या वर्षी मुलगा झाला. आशा आल्या एकदा, महिनाभरानं, आणि सहाच्या सहा रकान्यांत बायकोची सही घेऊन गेल्या. तारखा त्यांनीच टाकल्या. मी विचारलं तर म्हणल्या वरून रिपोर्ट मागतात दादा. बाळाचं वजन? दवाखान्यातलंच खाली खाली वाढवत लिहिलेलं. मग असल्या भेटीला काय अर्थ आहे.

झोळीवाली_आशा

दादा, खोटं वाटत नाही मला, होतं असं. चूक ती चूकच. पण तुम्ही एक बघा, एका आशाकडं साधारण हजार लोकसंख्या, आणि कामं किती, सर्व्हे आला की आशा, लस आली की आशा, क्षयरोग, कुष्ठरोग, मोबाईलवर कार्ड काढून द्या. त्यात पगार नाही, मोबदला. २०२४ च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर आम्ही बसलो होतो तेव्हा कुठं ५००० ची वाढ झाली. हे खोट्या सहीचं समर्थन नाही. तुमच्या बायकोनं सही द्यायलाच नको होती, न झालेल्या भेटीची सही मागितली तर सरळ नाही म्हणायचं आणि आरोग्य केंद्रात सांगायचं. एकानं सांगितलं तरी पुढची पाच घरं सुधरतात.

निवृत्त_सिस्टर

मी ३१ वर्षं नोकरी केली, शेवटची काही वर्षं नवजात अतिदक्षता कक्षात. सेलूची लेक, आधी वजनाचं बघू कारण तुझा जीव तिथं अडकलाय. जन्मलेलं जवळजवळ प्रत्येक लेकरू पहिल्या तीन-चार दिवसांत वजनानं उतरतं, अंगातलं जास्तीचं पाणी जातं, पहिली काळी शी जाते. दहा टक्क्यांपर्यंत उतरलं तर आम्ही घाबरत नाही. तुझं २०० ग्रॅम उतरलं, म्हणजे साडेसात टक्क्यांच्या आत, आणि सातव्या दिवशी चढायला लागलं. दोन आठवड्यांपर्यंत जन्माएवढं व्हायला हवं. शिवाय दवाखान्यातला काटा वेगळा, आशाचा झोळीचा काटा वेगळा, त्यात पन्नास-शंभर ग्रॅम इकडंतिकडं होतंच, म्हणून आशाच्याच काट्यावरची वजनं एकमेकांशी ताडून बघायची.

दूध पुरतंय का हे काट्यापेक्षा लंगोट सांगतं. दिवसरात्र मिळून सहा-सात वेळा लंगोट ओला होतोय, लघवी पाण्यासारखी आहे, पिऊन झाल्यावर मूठ सैल सोडून झोपतंय, म्हणजे पुरतंय. दिवसातून आठ-दहा-बारा वेळा पाजायचं, रात्री पण.

पाण्याचं. आपल्याकडच्या उन्हात हा प्रश्न हमखास येतो. अंगावरच्या दुधात बहुतेक पाणीच असतं, ऊन असलं तर लेकरू जास्त वेळा पितं, एवढंच. टँकरचं पाणी चमच्यानं पाजलं तर जुलाब होतील आणि दुधाची भूक मरेल. पाणी तू पी, भरपूर, आणि बाळाला टोपडं-मोजे घालून शेगडीपाशी झोपवू नका मे महिन्यात. हिवाळ्याचे नियम उन्हाळ्यात लावणारी घरं मी लई बघितलीत.

मधातून लहान लेकराला एक जीवघेणा आजार होऊ शकतो, म्हणून वर्षाच्या आत बोटभरसुद्धा नाही. काजळात शिसं असू शकतं. घुटीत सहाण, पाणी, हात हे सगळं पोटात जातं, आणि जायफळानं लेकरू गुंगून झोपतं ते आपल्याला वाटतं शांत झालं. नाळेला काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची.

पण आजीला अगदीच बाजूला सारू नको. मालिश तिची आहे, तिलाच करू दे, फक्त कानानाकात तेल नको आणि धुरी नको. अंगाई तिची. तुला वाढायचे डिंकाचे आळिवाचे लाडू तिचे. मी सासवांना आणि आज्यांना नेहमी काम देते, सल्ला नंतर.

आणि हे घरी येऊन बघायचं खूळ दिल्लीतून आलेलं नाही बरं का. गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी १९९५ पासून ३९ गावांमध्ये गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेतली, श्वास मोजणं, वजन, न्यूमोनिया ओळखणं, औषध देणं. शेजारच्या गावांशी ताडून बघितलं तर तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं ते. त्याच्यावरूनच पुढं २०११ मध्ये देशभर आशांच्या ह्या भेटी सुरू झाल्या. आणि जामखेड तर बीडला लागूनच आहे, तिथं आरोळे पतीपत्नींनी १९७० पासून अंगठेबहाद्दर बायकांना आरोग्यसेविका केलं. तुझ्या आजीच्याच पिढीतल्या बायका त्या. सांग आजीला.

मुखेडचा_बाप

सिस्टर बरोबर बोलल्या. माझं सांगतो. आमचं लेकरू आठव्या महिन्यात झालं, १ किलो ७०० ग्रॅम, डिसेंबरमधी. १९ दिवस पेटीत होतं. घरी आणलं तर सगळे नातेवाईक बघायला, प्रत्येकजण एक औषध सांगायला. आशाताई आल्या आणि पहिलं काम काय केलं तर गर्दी हाकलली. म्हणल्या ह्याला उब पाहिजे, पेटी घरी नाही, मग तुम्हीच पेटी. माझ्या शर्टाची बटणं काढायला लावली आणि लेकरू उघड्या छातीवर बेडकासारखं ठेवलं, वरून बायकोचं लुगडं बांधलं. कांगारू म्हणतात त्याला. मी म्हणलं हे बायकांचं काम आहे. त्या म्हणल्या छाती तुमची पण गरमच आहे की, बायकोला जरा झोपू द्या.

दीड महिना मी रात्री बाजेवर टेकून तसा बसलो. पोरं चिडवायची, ह्याला दूध यायलंय का बघा म्हणून. माझे वडील तर चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणले, तू शेतात जा, आण इकडं त्याला, आणि स्वतः बंडीच्या आत घेऊन बसले. आता तीन वर्षाचा आहे, आजोबाशिवाय जेवत नाही.

त्यामुळं ताई, तुमच्या मिस्टरांना पण कामाला लावा. कंपनीतून आल्यावर तासभर त्यांनी घ्यावं. सासूबाई आपोआप गप्प बसतील, लेक स्वतःच करायलाय म्हणल्यावर.

वाळूज_शिफ्ट_बी

मी रांजणगावातच राहतो, म्हणून लिहितो. मिस्टर म्हणतात कुणी येत नाही, ते अर्धं खरं आहे. आशा आहेत. पण ह्या खोल्यांमधी दर अकरा महिन्याला भाडेकरू बदलतो, त्यांना कळणार कसं की चौथ्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर बाळंतीण आलीय. आमच्याकडं पण कुणी आलं नव्हतं, बायको स्वतः जवळच्या अंगणवाडीत गेली कार्ड घेऊन, तिथल्या ताईनं फोन लावला आणि तिसऱ्या दिवशी आशा आली. अंगणवाडीताईकडं आशाचा नंबर असतोच, दोघींची जोडी असती. मिस्टरांना आत्ताच पाठवा, फर्स्ट शिफ्टला असतील तर सुट्टीनंतर जमणार नाही, अंगणवाडी दुपारपर्यंतच असती.

नाव पण तिकडं वळवून घ्या, त्यांच्या मोबाईलमधल्या पोषण ट्रॅकरवर होतं ते, म्हणजे तुमचा घरी न्यायचा आहार चालू राहील. आणि सरकारच्या मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाचे ५००० आहेत, दुसरा हप्ता जन्माची नोंद आणि साडेतीन महिन्यापर्यंतच्या लसी झाल्यावर येतो, तेव्हा लसीच्या तारखा चुकवू नका. दीड महिन्याची लस नेमकी तुमच्या ४२ व्या दिवसालाच येती बघा. आमची चुकली होती ह्याच स्थलांतराच्या नादात, २० दिवस उशिरा दिली.

औंढ्याची_काकू

माझी भाची लीड्सला असते, इंग्लंडमध्ये. तिकडं पण बाई घरी येते हो, आधी सुईण आणि मग दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या आत हेल्थ व्हिजिटर. माझी बहीण गेली होती बाळंतपणाला, तिनं ती बाई यायच्या आधी सगळं घर आवरलं, देवघर पुसलं, पोहे केले, का तर सरकारी चौकशी आहे. ती बाई आली, पोहे खाल्ले, आणि बाळापेक्षा जास्त वेळ भाचीशीच बोलत बसली, झोप होते का, मन लागतं का, नवरा मदत करतो का. बहिणीला नवल वाटलं, म्हणली एवढं तर आम्ही पण नाही विचारलं.

सेलूची लेक, म्हणून तुला विचारते, मन लागतंय का गं?

निवृत्त_सिस्टर

काकूंनी बरं आठवण केली, माझं राहून गेलं. बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात असं रडू बऱ्याच जणींना येतं, झोप नाही, अंगात बदल, ते दोन आठवड्यांत आपोआप निवळतं. दोन आठवडे उलटून पण राहिलं, बाळाकडं बघावंसं वाटेना, बाळ झोपलं तरी तुला झोप लागेना, किंवा आपण नसलेलं बरं असे विचार आले, तर तो आजार आहे, नखरे नाहीत, आणि त्यावर औषध आहे. त्याच दिवशी आईला आणि मिस्टरांना सांगायचं. १४४१६ हा टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा फोन आहे, फुकट, मराठीत बोलतात, रात्री पण लागतो. मी नोकरीत असताना असलं काही नव्हतं, बाई विहिरीकडं गेली की गाव म्हणायचं बाहेरची बाधा.

बाळाचं पण एकदा लिहून ठेवते. दूध प्यायचं सोडलं, हातपाय गार पडले किंवा ताप आला, एका मिनिटात ६० किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जातेय, तळहात-तळपाय पिवळे, बेंबीतून पू, झटके. ह्यातलं एक जरी दिसलं तर आशाची वाट बघायची नाही, १०८ ला फोन.

सेलूची_लेक

सगळ्यांचे लई आभार. सहा दिवसांनी लिहायलेय, बाळ झोपत नव्हतं आणि नेट पण.

काल १४ वा दिवस होता. झोळीवाली आशाताईंनी सांगितल्यासारखं मी आमच्या ताईंना आधीच फोनवर टॉवेलचं सांगून ठेवलं होतं. तर त्या आल्या आणि हात धुऊन आजीला म्हणल्या, तुमचे हात थरथरत नाहीत ना, मग काटा तुम्ही धरा, मी वाचते. आजीनं नाही म्हणता म्हणता पदर खोचला. २ किलो ८००! आजीच ओरडली आधी. मग म्हणली आता कुणाला सांगू नका वजन. दृष्टीचा तीट मात्र लावला, पण कपाळाला नाही, तळपायाला, आणि काजळाचा नाही, उगाळलेल्या चंदनाचा. ताई म्हणल्या चालतंय. घुटीचा डबा फडताळात गेलाय, पण फेकला नाही अजून, मी बघितलंय.

जामखेडचं सांगितलं मी आजीला. म्हणली, मला कुणी शिकवलं असतं तर मी पण केलं असतं. मग थोडा वेळ गप्पच बसली. सात लेकरं म्हणती ती कायम, पण झाली होती नऊ, हे मला काल पहिल्यांदा कळलं. दोन सव्वा महिन्याच्या आतच गेली. नावं पण ठेवली नव्हती.

रडू कमी झालंय. परवा आलं होतं, पण आई शेजारी येऊन बसली, तिला सांगितलं मी. ती म्हणली मला पण यायचं.

मिस्टर रांजणगावच्या अंगणवाडीत गेले होते, कुलूप होतं. परत मंगळवारी जाणार आहेत. इकडच्या ताई म्हणल्या २१ व्या दिवसाची भेट करून मगच सोडते तुला, २८ व्या दिवशी मी फोनवर विचारीन, पण काटा फोनमधून कसा देऊ.

झोळीवाली_आशा

मंगळवारी लसीकरणाचा दिवस असेल तर दोघी पण तिथंच सापडतील, सकाळी दहाला जा म्हणावं. आणि तिकडच्या आशाचा नंबर मिळाला की तुझ्या ताईला तिच्याशी बोलायला लाव, आम्ही आपसात बोललो की काम होतं.

पोरी, एक ध्यानात ठेव, रेल्वेनं जाशील तर बाळाचं कार्ड मोठ्या पिशवीत टाकू नको, ती सीटखाली जाती. तुझ्या पर्समध्ये ठेव, आणि निघायच्या आधी त्याच्या सगळ्या पानांचे फोटो काढून मिस्टरांना पाठव. २१ व्या दिवशीचं वजन कळव इथं.